नणंदबाईंची कॉफी आणि माझा नवा खुबा

...आणि हे मोजे! बघा तरी! पिवळे धमक, तळव्यांना रबराचे ठिपके, ऐंशी वर्षांच्या बाईला हे घालायला लावले... कशासाठी, तर म्हणे पडू नये! अहो, ऑपरेशन खुब्याचं झालं माझं, अकलेचं नाही! पण ती नर्स, यिल्दाऊ, दिसायला एवढीशी, आवाज मात्र हेडमास्तरचा. "रेन्स्केआजी, एकटीनं उठायचं नाही. बेल दाबायची. पडलात तर घर विसरा, थेट वृद्धाश्रम!" घर विसरा?... समुद्राच्या बांधाखालचं माझं घर, साठ वर्षं त्याच्या खिडक्या स्वतःच्या हातानं पुसल्यात मी! मग काय, दातओठ खात बेल दाबत राहिले. संडासला बेल. चष्मा घसरला, बेल. पण पडले का मी? नाही पडले!

तर तुम्हाला सांगते, चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला कोण यावं? बाउक्ये! माझी नणंद! पावसात सायकल हाणत आलेली, ओले बूट दाराशी काढले आणि स्वतः विणलेल्या लोकरी मोज्यांवर झोकात आत. माझ्या पायांकडे बघून म्हणते, "अगंबाई, बदकाचे पाय बसवले का गं तुला?" आणि बसली. आणि बसूनच राहिली. आणि टेबलावरच्या थर्मासकडे बघत राहिली...

आता सांगा, दहा वाजलेत, कॉफीची वेळ, पाहुणी समोर आणि कप रिकामा! आमच्या फ्रीसलँडात, हॉलंडच्या या उत्तर टोकाला, घराला आग लागली तरी आधी कॉफी ओततात, एकेक बिस्कीट देतात, डबा बंद करतात, मग बंब बोलावतात. माझा नवा खुबा आपोआप हलायला लागला हो! एक पाय खाली गेलासुद्धा... "राहू दे गं," बाउक्ये म्हणाली, "आई म्हणायचीच, रेन्स्केकडे कॉफी उशिराच." गेलेल्या सासूला मध्ये आणलं! अंगाचा नुसता तिळपापड! पण ते घर आठवलं, त्या खिडक्या आठवल्या, पाय वर घेतला आणि बेल दाबली. कॉफीसाठी! बेल! लाजेनं मेले, पण पडले का मी? नाही पडले!

"कॉफी ओतायला नोकर लागतात का तुला?" म्हणत बाउक्ये तरातरा उठली, थर्मासकडे वळली, आणि ते लोकरी मोजे त्या गुळगुळीत फरशीवर... सुंईऽऽ! धप्प! यिल्दाऊ माझ्या बेलवर धावत आली ती मीच पडले समजून थेट माझ्या पलंगाखाली वाकून बघायला लागली! मी वरून म्हटलं, "इकडे नाही बाळ, तिकडे."

जिंकले हो! इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता! यिल्दाऊ नव्या पेशंटांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "बघा, असं वागायचं!" आठव्या दिवशी घरी आले, वॉकर धरून का होईना, पण स्वतःच्या पायांनी, ताठ मानेनं! पडले का मी? नाव नको!

बाउक्ये? तिचं मनगट मोडलं, उजवं. सहा आठवडे प्लॅस्टर. एकटी राहते बिचारी, तिचं करणार कोण? म्हणून माझ्या लेकीनं तिला आणून सोडलंय... माझ्याकडे. हात गळ्यात बांधलेला, मग कॉफी कुणी ओतायची? पाहुणी ना ती!

उठते गं बाई, उठते...