कानाने जुळवलेली ठिणगी

"इंजिन बोलतं, पोरी. तू फक्त कान दे." ओहायोतल्या त्या स्पेअर पार्टच्या दुकानात रांगेत उभं राहिलं, की लोरेटाला तिच्या दिवंगत वडिलांचा आवाज आठवे. आज तिच्यापुढे दोन म्हातारे भाऊ होते.

"वर्नदादा, इंजिनातली ठिणगी वेळेवर पडते का, ते दाखवणारा दिवा घेऊ या."

"बाबांच्या अडुसष्टच्या गाडीला दिवा? मी कानानेच जुळवतो."

"जुळवतोस खरा, पण चढावर ती खडखडते."

"तुझी कवळी खडखडत असेल."

"अशानं पिस्टन जळेल, दादा. बाबांचं तेवढंच उरलंय. काल ती खडखड तुला खरंच ऐकू आली नाही?"

वर्नने टोपी काढून हातात चुरगाळली.

"घे तो दिवा, एल्डन. हिवाळ्यापासून इंजिनच काय, तुझं बोलणंही ऐकू येत नाही; ओठांवरून वाचतोय."