विधवेलाही सेन्योरा

ओमानमध्ये दुक्मला जाणाऱ्या बसच्या रांगेत मराठी ऐकून हुसैनमियाँचे कान टवकारले. पुढे स्पॅनिश साहेबाचा स्वयंपाकी तानाजी आणि नवा ड्रायव्हर धनेश बोलत होते.

“काका, साहेबाच्या आईला मॅडम म्हटलं तर?” धनेशनं विचारलं.

“रुसेल. सेन्योरा म्हण, म्हणजे मिसेस. बिनलग्नाची ती सेन्योरिता, म्हणजे मिस.”

“पण म्हातारी विधवा आहे ना?”

“तरी सेन्योराच.”

“आपल्याकडे लगेच ‘सौ.’ पुसतात.”

“मी तर माझ्या प्रियांकाच्या लग्नपत्रिकेतून वहिनीचं नावच काढलं. शुभकार्यात विधवेचं नको म्हटलं.”

“तुम्ही इथं असताना तुमच्या पोरीला त्यांनीच वाढवलं ना?”

“तिनंच.”

“मग माफी मागा की, काका!”

“दर शुक्रवारी त्यासाठीच फोन लावतो. तीच आधी विचारते, ‘भावजी, जेवलात का?’”

“मग?”

“जेवलो म्हणतो.”