पहिल्या रोज्याचं ताट

नाही नाही, उठू नका भाऊ, बसा त्या बाजेवर — दोरी एका बाजूनं सैल आहे, जरा भिंतीकडे सरका — आणि बोलूही नका इतक्यात. दिवसभराचा रोजा, त्यात एवढं ऊन तुडवत आलात, ओठ कोरडे पडलेत तुमचे, दिसतंय मला. हो, सुवार्तिक इद्रीसचं घर हेच. मी त्यांची बायको, हावा. दार उघडंच ठेवलंय, म्हणजे कुणी काही म्हणायला नको. जे सांगायला आलात ते सांगालच, कुठं जातंय ते? पण आधी माझा असीदा होऊ दे. ज्वारीचं पीठ, हात थांबला की गुठळ्या धरतं, आणि गुठळ्यांचं ताट मी गल्लीत पाठवणार नाही — तेही आज, पहिल्या रोज्याला.

असे बघताय काय? ख्रिस्ती घरचं ताट कसं, असंच ना? आमचे हे नुबा डोंगरातून इथं ओमदुर्मान शहरात आले, त्याच वर्षीची गोष्ट. संध्याकाळचे या गल्लीतून चालले होते. चटया अंथरलेल्या, ताटं मांडलेली, आणि दोघांनी पागोटं आडवं धरून यांना अडवलं — खा, मग जा. हे म्हणाले, अहो, मी ख्रिस्ती आहे. तर हाज बाबिकर, हे आमचे शेजारी हो, म्हणाले, ‘मग पोट काय दुसऱ्या गावात ठेवून आलास? बस खाली!’ तेव्हापासून रमजानात आमच्या घरचं ताट कधी चुकलं नाही. आणि जेवणं झाली की दोघांची जुंपायची. हाज म्हणायचे, ‘इद्रीस, तुझा येशू माझाही नबी आहे, पण तू त्याला जरा जास्तच वर चढवलास.’ हे म्हणायचे, ‘मी कुठला चढवतो हाज, त्यानंच मला खड्ड्यातून वर काढलंय.’ मी इथं दाराआड भांडी घासता घासता ऐकायची. खरं सांगू? या गल्लीतलं एक माणूस प्रभूकडे आलं नाही. एक नाही. मागच्या पत्र्याच्या खोलीत उपासनेला जमायची ती सगळी आमच्याच डोंगराकडची. मी एकदा चिडले — इतकी वर्षं चटईवर बसताय, एक तरी मासा लागला का गळाला? तर हसले. म्हणाले, ‘हावा, मी तिथं मासे धरायला नाही बसत, जेवायला बसतो.’ आता या माणसाला काय म्हणावं?

मग लढाई आली. मंडळी गेली पूर्वेकडे, कुणी परत डोंगरात. हे म्हणाले, आपण थांबू. एकट्याची प्रार्थना होते, पण उपासनेला दोघं लागतात — आपण दोघं आहोत की. आहोत की, म्हणाले. रविवारी ते गीताची एक ओळ म्हणायचे, दुसरी मी. आता मी फक्त माझीच म्हणते. माझी ओळ झाली की थांबते, त्यांच्या ओळीला लागेल तेवढा वेळ थांबते, आणि मग पुढची म्हणते. वेडेपणा आहे, माहीत आहे मला. पण मधली जागा मी भरून टाकली, तर ते परत आल्यावर कुठं म्हणणार?

नदीपलीकडे आमच्या मंडळीतल्या एक आजी राहिल्या होत्या, डोळ्यांनी अधू. त्यांना प्रभुभोजन द्यायला हे निघाले होते. एक भाकर, आणि छोट्या बाटलीत करकदे — आपलं नेहमीचं, वाळलेल्या लाल फुलांचं पाणी! द्राक्षारस कुठला मिळतोय इथं, आम्ही त्याचाच प्याला करतो. मीच उकळून दिलं होतं, जरा दाट. नाक्यावरच्या बंदूकवाल्यांनी बाटली बघितली आणि म्हणाले, दारू. अहो, एकानं वास तरी घ्यायचा! मग कुठून आलास, कुणाचा माणूस, पलीकडच्यांचा का? गाडीतल्या बाकीच्यांना सोडलं, यांना ठेवलं. गाडीतल्याच एका बाईनं येऊन सांगितलं. त्यानंतर कुणी आलं नाही. तुम्ही पहिलेच.

थांबा, बोलू नका. हिलूमूर भिजतंय तिकडं, रोजा सोडायचं सरबत, त्यात साखर घालायची राहिली. हाजा सकीनानं, हाजच्या बायकोनं, शिकवलं मला. पहिल्या वर्षी म्हणाली, ‘देव तुझा चांगला असेल गं, पण हात जड आहे तुझा.’ आता तीच माझ्याकडून करून नेते. पण पंचाईत अशी झालीय की मी प्रभूला शब्द दिलाय — हे घरी येईपर्यंत जिभेवर गोड ठेवणार नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. सकीना म्हणते, ‘यापेक्षा रोजे धर बाई, ते सोपं!’ म्हणजे मला चाखता येत नाही, आणि तुम्हाला म्हणावं चाखा, तर तुमचा रोजा. हसलात! बरं वाटलं.

हाज सकाळी येऊन म्हणाले, ‘पोरी, यंदा ताट नको काढूस, घरात माणूस नाही, कुणी बोट दाखवणार नाही.’ चांगल्या मनानंच म्हणाले. पण मला रीत माहीत आहे ना. ज्या घरात मरणाची खबर आली त्या घरचं ताट बाहेर जात नाही, शेजारीच ताटं आत आणून देतात. आज आमचं ताट गेलं नाही, तर गल्ली मनातल्या मनात यांना पुरून मोकळी होईल. आणि बाईमाणसानं पुरुषांच्या चटईवर ताट न्यायचं नसतं. तेव्हा सकाळपासून मी म्हणतेय, प्रभू, मी रांधते, नेणारा तू पाठव. आणि तुम्ही दार वाजवलंत.

पाय आत ओढू नका. दारातच ओळखला मी तुमच्या पायातला तो मरकूब, तो चामड्याचा जोडा. डाव्या पायाचा चामडी टाका उसवला होता, तो मी हिरव्या दोऱ्यानं घातलाय, काळा दोरा घरात नव्हता म्हणून. त्यांचाच आहे. त्याचं काय एवढं? माझ्या नवऱ्यानं आयुष्यात किती वेळा पायातलं काढून दिलंय लोकांना! अनवाणी घरी यायचे आणि वर मलाच विचारायचे, ‘जेवायला काय केलंयस?’ आत्ताही तसंच दिलं असेल. धडधाकट माणूसही देतो. देतो की नाही? — नको. मान हलवू नका. हो नको, नाही नको. तुम्ही बोललात की हे ताट इथंच राहील, भाऊ. एवढं एक आज जाऊ दे.

ऐका — हाज ओट्यावर उभे राहिले. वीज नाही ना, भोंग्याशिवायच बांग देतात, आवाज कापतो त्यांचा. उठा. दोन्ही हातांनी धरा, वाटीतली भेंडीची आमटी काठोकाठ आहे, झाकण मी नीट ठेवते. डावीकडं, लिंबाखाली चटई. मरकूब तिच्या कडेला काढा, ते काढायचे तसाच. कुणी विचारलं, तर म्हणा, इद्रीसच्या घरून आलोय. आणि पोटभर खा, लाजू नका.

मग या परत. आलात की आधी मला हिलूमूर गोड झालंय का, ते सांगा. बाकीचं त्यानंतर. जा आता — आणि दार ओढू नका, राहू दे तसंच.