राजा गोलात, मिरवणूक गोलमागे

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आपल्या क्लबच्या प्रमुख माननीय रोस्विथाबाई बेकेल. व्यासपीठावर पूर्ण गणवेशात, कमरेला तलवार लावून बसलेले आपल्या नेमबाज मंडळाचे सेनापती माननीय फर्डिनांड ड्रोस्टे. त्यांच्या शेजारी गळ्यात चांदीची माळ घालून बसलेले, येत्या शनिवारपर्यंत हेलेनोल गावचे राजे आणि त्यानंतर पुन्हा आमचा साधा गोलकीपर, यानिस. आजचे सत्कारमूर्ती मायनोल्फ हेसेकाम्प, म्हणजे आपले कोच. त्यांच्या सौभाग्यवती मेख्टिल्डकाकू. शेजारच्या डॉर्नबेके गावाहून आलेले पाहुणे, ज्यांना कुणी बोलावलं ते मला माहीत नाही. आणि मागं बिअरच्या पिंपाला पाठ लावून उभे असलेले माझे सगळे खेळाडू मित्रहो.

रोस्विथाबाईंनी मला आधीच सांगितलंय, "निल्स, पाच मिनिटं. आणि व्यवस्थित बोल." म्हणलं, बाई, दोन्हीपैकी एक सांगा. तर त्या म्हणाल्या, "मग पाच मिनिटं." तेव्हा व्यवस्थितपणाची जबाबदारी माझ्यावर नाही, हे सभागृहानं लक्षात घ्यावं. मी छपरावर कौलं घालणारा माणूस. शाळेत माझी जागा खिडकीपाशी होती आणि मन खिडकीबाहेर. भाषण लिहून आणलं होतं, पण ते वाचून कोच म्हणाले, "तू फ्री किक मारतोस तसं लिहिलंयस. सुरुवात झकास, पुढं कुठं गेलं कळत नाही." म्हणून ते घरी ठेवून आलोय.

तर कोच. हा माणूस खेळायचा तेव्हा कसा खेळायचा? माझे आजोबा सांगतात, मायनोल्फ मधल्या बचावाला उभा राहिला की समोरचा फॉरवर्ड आधी रेफ्रीकडे बघायचा, मग देवाकडे. तिसऱ्या दर्जाच्या वर हे कधी गेले नाहीत. सकाळी कारखान्यात स्क्रूवर आटे पाडायचे, संध्याकाळी मैदानावर माणसं. तीन गावांच्या क्लबांकडून खेळले आणि तिन्ही क्लब खालच्या दर्जात उतरले. मी एकदा विचारलं, "कोच, तुमचा पायगुण काय हो असा?" तर शांतपणे म्हणाले, "बुडणाऱ्या बोटीलाच माणसं लागतात, निल्स. तरंगणाऱ्या बोटीवर तुझ्यासारखे चालतात."

मग पायातलं सगळं झिजलं आणि ते आपल्याकडे कोच म्हणून आले. यांच्या हाताखाली आम्ही काय शिकलो? एक, सरावाला उशिरा आलं की सगळ्यांसाठी बटाटे तळायचे. माझे बटाटे आता इतके छान होतात की माझी होणारी सासू म्हणते, फुटबॉल सोड, हेच कर. दुसरं जे शिकलो, ते सांगायलाच मी उभा आहे. राजेसाहेब, हसू नका, आता तुमच्यावरच येतोय.

गेल्या वर्षीचा जून आठवा. आपण तळाला. शेवटचा निर्वाणीचा सामना रविवारी तीन वाजता, डॉर्नबेकेशी. हरलो तर खालच्या दर्जात, आणि खाली गेलो तर पुढच्या मोसमात दोन्ही गावांचा मिळून एकच संघ होणार, हे ठरल्यासारखंच होतं. नाव अर्थात त्यांचं. आपण फक्त मोजे आणायचे. बरोबरी चालणार होती. बरोबरी म्हणजे गोल खायचा नाही, आणि गोल न खाणारा माणूस आपल्याकडे एकच, यानिस.

आणि शनिवारी नेमबाजांचा उत्सव. खांबावरचा लाकडी पक्षी दुपारपर्यंत पार ठिकऱ्या उडून एका खिळ्यावर लोंबत होता. अशा वेळी शहाणी माणसं काय करतात? आभाळात मारतात. पक्षी ज्याच्या गोळीनं पडेल तो राजा, आणि राजानं वर्षभर सगळ्या गावाला पाजायचं. यानिसची पाळी आली. आम्ही सगळे ओरडलो, "बाजूला मार, बाजूला." तो म्हणाला, "मला कळतंय." त्यानं मनापासून बाजूला नेम धरला. आता हा पोरगा पेनल्टीला नेहमी चुकीच्या बाजूला झेप घेतो, हे आम्हाला ठाऊक होतं. बंदुकीचंही तेच आहे, हे तेव्हा कळलं. पक्षी पडला. बँड वाजला. आणि राजाची मिरवणूक असते कधी? रविवारी, तीन वाजता.

डॉर्नबेकेवाल्यांना वेळ बदलायची विनंती केली. ते म्हणाले, "राजेसाहेबांना आमच्या शुभेच्छा कळवा." मंडळी, तुम्ही आज बिअर आमची पिताय, एवढं ध्यानात ठेवा. दुसरा गोलकीपर हनिमूनला गेलेला. कोच म्हणाले, "मी उभा राहतो गोलात." मेख्टिल्डकाकू म्हणाल्या, "उभा राहशील रे. पण एकदा वाकलास की परत उभं कोण करणार तुला?"

यानिस उत्सवाच्या तंबूमागं बसून रडवेला झालेला. मिरवणूक चुकवली तर गाव तोंड बघणार नाही. सामना चुकवला तर क्लब उरणार नाही. मी म्हणलं, "कोच, त्याला दम द्या. सांगा, सामना आधी." कोचनी माझ्याकडे वळून बघितलं. म्हणाले, "हे मी कुणालाच सांगणार नाही. मला एकदा सांगितलं होतं."

तेव्हा मला ठाऊक नव्हतं, म्हाताऱ्या मंडळींना ठाऊक होतं. मी जन्मायच्या बऱ्याच आधी असाच पक्षी खिळ्यावर लोंबत होता आणि पाळी होती मायनोल्फ हेसेकाम्पची. त्यांना राजा व्हायचं होतं. राणी कोण होणार तेही ठरलेलं होतं, काकू लाजतायत बघा. पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दर्जाच्या एका क्लबात त्यांची चाचणी होती आणि तेव्हाचा कोच म्हणाला होता, गाव किंवा फुटबॉल, एक निवड. ह्यांनी बंदूक खाली ठेवली आणि सगळ्या गावादेखत निघून गेले. मागं उभ्या असलेल्या ड्रोस्टेसाहेबांनी गोळी घातली, पक्षी पडला, ते राजे झाले. चाचणीत ह्यांना थोडा वेळ खेळवलं आणि सांगितलं, कळवतो. अजून कळवायचंय. तेव्हापासून कोच उत्सवाच्या तंबूत गेले नाहीत आणि ड्रोस्टेसाहेबांशी बोलले नाहीत. बेकरीत दोघं भेटले तरी दोघं पावाकडेच बघायचे.

त्या शनिवारी कोच उठले ते सरळ ड्रोस्टेसाहेबांच्या टेबलाशी गेले. मी मागोमाग. कानानं ऐकलंय, म्हणून सांगतो.

"फर्डिनांड, उद्या मिरवणूक कुठून न्यायची?"

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. "दरवर्षी जाते तिथून. चर्च, बेकरी, तंबू. तुला माहीत असतं, आला असतास तर."

"मैदानावरून ने."

"का म्हणून?"

"राजा तिथं असणार आहे."

"राजा मिरवणुकीत असतो, मायनोल्फ."

"मग मिरवणूक राजाकडे आण. पोराला निवडायला लावू नकोस. मी निवडलं होतं. दोन्ही गेलं."

साहेबांनी ग्लास एका घोटात रिकामा केला. मग म्हणाले, "घोडे गवत खातील मैदानावरचं."

"खाऊ देत. आमच्यापेक्षा बरं कापतील."

मग रविवारी काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, तरी मी सांगणार. डॉर्नबेकेवाल्यांनी तर परत परत ऐकलं पाहिजे. यानिस गोलात. रेफ्री म्हणाला, चांदीची माळ काढ. यानिस म्हणाला, राजाला माळ काढता येत नाही. शेवटी माळ गोलच्या जाळीला लटकवली, म्हणजे अंगावर नाही पण राज्यात आहे. दुसऱ्या हाफमध्ये बँड वाजवत अख्खी मिरवणूक मैदानाला वळसा घालून आली आणि यानिसच्या गोलमागं थांबली. हिरवे कोट, लाकडी बंदुका, टोपीवर पिसं. राणी म्हणून यानिसची थोरली बहीण, पांढऱ्या झग्यात, त्याला ओरडून सांगतेय, "गुडघे वाकव, माकडा."

एकही गोल नाही. आणि अगदी शेवटी पेनल्टी. आपल्याविरुद्ध. फाऊल माझा होता आणि तो फाऊल नव्हता, पण आज तो विषय नको.

कोचनी बाजूनं फक्त ड्रोस्टेसाहेबांकडे बघितलं. साहेबांनी तलवार वर केली. "सावधान." सगळे ताठ. बँड गप्प. एवढी माणसं, एकाच्याही मिशीचा केस हलत नाही, आणि सगळ्यांची नजर त्या डॉर्नबेकेच्या पोरावर. त्यानं चेंडू ठेवला. उचलला. परत ठेवला. यानिस अर्थात चुकीच्या बाजूला झेपावला. गोल सताड रिकामा. आणि त्या पोरानं चेंडू आडव्या खांबावरून असा उडवला की तो बँडमधल्या पोटाएवढ्या पितळी भोंग्यात जाऊन बसला. काढायला हॉर्स्टकाकांना वाद्य उलटं करावं लागलं. तोवर शिट्टी झाली होती.

क्लब राहिला. नाव राहिलं. या मोसमात तर आपण चक्क मधल्या जागेवर आहोत. त्या संध्याकाळी कोच राजाच्या मागून तंबूपर्यंत मिरवणुकीत चालत गेले. अंगात सरावाचा ट्रॅकसूट, पाऊल एकदाही बँडशी जुळलं नाही.

आता कोच म्हणतात, पुरे झालं, कंबर दुखते. आम्ही थांबा म्हणणार नाही. त्यांनी आम्हाला कधी अडवलं नाही, आम्ही त्यांना कुठं अडवायचं? पण एक बातमी देतो. मेख्टिल्डकाकू, माफ करा, तुम्ही गुपित ठेव म्हणला होता. काकूंनी माळ्यावरून कोचचा जुना हिरवा कोट उतरवलाय आणि पोटावरची बटणं सरकवून लावलीत. शनिवारी कोच रांगेत उभे राहणार आहेत.

म्हणून हात जोडून एक विनंती, मुख्यतः मागं पिंपापाशी उभ्या असलेल्या मंडळींना. पक्षी खिळ्यावर लोंबायला लागला की कोचच्या पुढं जे जे कोणी असाल, त्यांनी बाजूला मारा. आपल्याला जमेल. सबंध मोसम आपण रिकाम्या गोलसमोर दुसरं केलंय काय? फक्त यानिस, तू रांगेतच येऊ नकोस. तू बाजूला मारलंस तर पक्षी पडेल.

रोस्विथाबाई घड्याळ दाखवतायत. सभागृहानं ऐकून घेतलं, ड्रोस्टेसाहेबांनी तलवार म्यानातच ठेवली, पाहुणे अजून उठून गेले नाहीत, सगळ्यांचे मनापासून आभार. कोच, तुमचे आभार मानायला मला शब्द येत नाहीत, रविवारी येऊन बटाटे तळीन. आज माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला. शनिवारी तुमचा नेम चुकला, तर अख्खं गाव पोटात घालेल.