मॅलकीची हाक

डेक्लन : पण तो बादली कशाला बडवतोय?

फिलोमिना : गाई बोलावतोय. धारेची वेळ झाली. तू ब्रेडला लोणी लाव, चहा निवतोय.

डेक्लन : बादलीनं? आपला मॅलकी? अगं, त्याची हाक टेकडीपलीकडे जायची!

फिलोमिना : जायची.

डेक्लन : फिलो, खरं सांगू? मी त्या हाकेसाठीच आलोय. सिनेमातलं ते गुराख्याचं काम आता डब्लिनला रंगमंचावर करतोय. तालमीत हाक देतो, तर नुसता आवाज निघतो. दिग्दर्शक म्हणतो, वा! त्याला काय कळतंय? मॅलकीची एकदा ऐकली की झालं.

फिलोमिना : अस्सं. मला वाटलं, बहीण-भावाची आठवण आली.

डेक्लन : ती पण आली ना.

फिलोमिना : जन्मभर रंगमंचावर राजे केलेस, कुणी ओळखलं नाही. सिनेमात मॅलकीची हाक देऊन एक गुराखी केलास आणि लीट्रिमच्या आमच्या फाटकापाशी गाड्या थांबायला लागल्या. मॅलकीनं हाकेला तोंड उघडलं की लोक हसायचे, मोबाइल धरायचे. गुरांच्या बाजारात एकानं पाठीवर थाप मारली. म्हणाला, "मॅलकी, भावाची नक्कल झकास करतोस रे!"

डेक्लन : नक्कल? त्यानं? माझी?

फिलोमिना : दुसऱ्या दिवशी बादली आली.

डेक्लन : मला कुणी सांगितलं नाही.

फिलोमिना : तू फोनवर बक्षिसांचं सांगत असायचास. मध्ये कुठे घुसडू?

डेक्लन : मी प्रेमानंच घेतली होती गं ती हाक.

फिलोमिना : माहीत आहे रे. विचारून घ्यायचीस.

(दार उघडतं. मॅलकी बादली घेऊन आत येतो, पायपुसण्यावर बूट घासत राहतो.)

मॅलकी : वाळलायस.

डेक्लन : मॅलकी, ऐक...

मॅलकी : ऐकलं सगळं. खिडकी उघडी आहे.

डेक्लन : नाटकात नाही देणार मी ती हाक. काढून टाकायला सांगतो. पण तू दे. आत्ता. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मॅलकी : बाबांनी शिकवली मला. कुरणात उभं करून. तू घरात कविता पाठ करत बसायचास.

डेक्लन : म्हणून तर म्हणतोय.

मॅलकी : नाही जमायचं. तोंड उघडलं की मला तूच ऐकू येतोस.

फिलोमिना : चहा घ्या रे दोघं.

मॅलकी : घेऊ. आधी हा जाऊ दे दारात. दोन गाई अजून ओढ्यापाशीच आहेत. बोलव.

डेक्लन : मी?

मॅलकी : मग काय डब्लिनहून माणूस आणू?

डेक्लन : हौऽऽ! सकी, सकी... हौऽऽ!

फिलोमिना : अगं बाई. थेट बाबाच.

डेक्लन : मानसुद्धा वळवत नाहीत.

मॅलकी : हाक बरोबर आहे तुझी. त्यांनी कधी ऐकलेलीच नाही, नव्या आहेत त्या, बादलीवरच येतात. घे, ही बादली घे.