टोपलीतला टर्की

पक्ष्यांच्या दवाखान्यात माझ्यासमोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ पायाशी मोठी टोपली घेऊन बसले होते. त्यांच्या शेजारच्या बाईंच्या मांडीवर पोपटाचा पिंजरा होता. टोपलीतून बाहेर आलेल्या पक्ष्याच्या डोक्याकडे बघत बाईंनी विचारलं,

"आजोबा, मोर का हो?"

"छे, टर्की. मोराला तुरा असतो, याचं डोकं उघडंबोडकं."

"आणि चोचीवर हे काय लोंबतंय?"

"मांसाची सोंडच ती. दुसऱ्या कुठल्या पक्ष्याला नसते म्हणे. हा खुलला की डोकं लालभडक होतं, घाबरला की पांढरंफटक."

"सगळे असेच?"

"रानात दोन जाती आहेत. एकीच्या शेपटीवर मोरासारखे डोळे असतात."

"बरंच माहीत आहे की तुम्हाला!"

"मला कुठलं? बायको जेवताना सांगत बसायची. मी पेपरात डोकं घालून नुसता हं हं करायचो. पिल्लू होता तेव्हापासून तिनंच वाढवला."

"मग त्यांना नाही आणलंत?"

"ती गेली, महिना झाला. तेव्हापासून हा दाण्याला शिवत नाही. मी जवळ गेलो की मागे सरकतो."

"अगं बाई! नावानं हाक मारून बघा ना. माझा पोपट तेवढ्यानं येतो."

"नाव ठेवलं होतं तिनं. मला सांगितलंही होतं. आता काही केल्या आठवत नाही."