सी कोणाची?

दादरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रघुवीर बंद पडलेला कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या पुढे नंबर प्रभादेवीच्या दोन जावांचा, थोरली गुणवंती, धाकटी दमयंती. स्टुलावर पान चघळत सासू. घरात कॉम्प्युटर एकच आणि त्यात आज दुकानदार नवी हार्ड डिस्क बसवत होता.

“दादा, मधे भिंत घाला. हिच्या पोरानं गेमसाठी माझ्या सोनीच्या हळदीचे फोटो पुसले. सीडी होती म्हणून वाचले.”

“जागा कुठं होती, वहिनी? एकट्या हळदीनंच डिस्क भरलेली!”

“भांडू नका, ताई. दोन भाग करतो, सी आणि डी. विंडोज सीमध्ये. कॉम्प्युटर चालू केला की आधी तिथूनच जायचं.”

“म्हणजे पुढची खोली. ती माझी. मी थोरली.”

“आणि मी रोज तुमच्या दारातून जाऊ? चाळीत तेच, इथं पण तेच!”

“मग डी मोठी घे.”

“मोठी नको, पुढची पायजे.”

“ताई, मागे गिऱ्हाईक थांबलंय.”

“माझं सावकाश चालेल,” रघुवीर घाईघाईने म्हणाला.

“बरं,” दुकानदार म्हणाला, “आजींना पण एक भाग देऊ? मागच्या बाजूला, निवांत?”

म्हातारीने पान एका गालात सरकवलं.

“मागं कशाला? मी काय मेले? सी माझी. दाराशी बसते. कोण येतंय, किती वेळ बसतंय, मला दिसायला पायजे.”

“आणि सोनीचे फोटो, आई?”

“ते पण माझ्याकडं. बघायचे तर विचारून यायचं. आणि मासळीचे हात धुऊन.”